सोसायटी म्हणजे कोण?

बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरचा माणूस ‘आमच्या सोसायटीत’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात समाज नसतो. गेट, वॉचमनची खुर्ची, गच्चीवरची टाकी, पार्किंगवरून चाललेली कुरबुर आणि जिन्याजवळचा नोटीस बोर्ड एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. रिक्षा सोसायटीच्या गेटपर्यंत जाते, पाणी सोसायटीचं जातं, गणपती सोसायटीचा असतो आणि खाली खेळणारी मुलंही ‘सोसायटीतली’ असतात. समाजाबद्दल बोलायचं असेल तर मराठीत ‘समाज’ आहेच. इंग्रजीतला हा विस्तीर्ण शब्द उपनगराने कुंपणाच्या आत घेतला आणि त्याला नवं घर दिलं.

गंमत अशी की, घाट चढून वर गेलं की याच शब्दाचा अर्थ बदलतो. सातारा-सांगलीकडच्या गावात ‘सोसायटी’ म्हणजे शेतकऱ्याला पीककर्ज देणारी विविध कार्यकारी सहकारी संस्था. ‘सोसायटी भरली का?’ या प्रश्नाचा अर्थ तिथे ‘कर्जाचा हप्ता भरला का?’ असा असतो. सोसायटीचा चेअरमन होणं ही गावच्या राजकारणातली मोठी पायरी. एकाच भाषेत एकाच शब्दाची ही दोन रूपं, एक मातीचं आणि एक सिमेंटचं. दोन्हींचा उगम मात्र सहकाराच्या कायद्यांत आहे.

ब्रिटिश सरकारने 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवणं हा त्यामागचा विचार. लगेच 1905 मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या, आज कर्नाटकात असलेल्या गदगजवळच्या कणगिनहाळ गावात पतसंस्था सुरू झाली. पण या कायद्यात फक्त कर्जाचा विचार होता. 1912 च्या नव्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची वाट मोकळी केली आणि तीन वर्षांत तिचा उपयोग मुंबईकरांनी घरासाठी केला. 1915 मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तल्माकी हे तिच्यामागचं नाव. परगावाहून नोकरीसाठी आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडणारं, हवेशीर घर हवं होतं, आणि एकट्याच्या पगारात ते शक्य नव्हतं. मग अनेकांनी मिळून ते शक्य केलं. आज उपनगरात गल्लोगल्ली दिसणारी ‘को-ऑप. हौ. सो. लि.’ ही अक्षरं त्या धडपडीची वारस आहेत.

शब्दाचा माग आणखी मागे काढला तर तो लॅटिनमध्ये पोचतो. तिथे ‘सोशियस’ म्हणजे सोबती, बरोबरीने चालणारा. त्यावरून ‘सोसिएतास’. रोमन कायद्यात हा शब्द भागीदारीच्या करारासाठी वापरत. चार जणांनी पैसा किंवा कष्ट एकत्र आणायचे आणि नफा-तोटा वाटून घ्यायचा. फ्रेंचमधून तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला आणि हळूहळू ‘संपूर्ण मानवी समाज’ एवढा फुगला. म्हणजे शब्दाला कुंपणात घालणारं मुलुंड-अंधेरी इंग्रजीपेक्षाही त्याच्या मूळ अर्थाच्या जवळ आहे.

भाषाशास्त्रज्ञ याच मूळ धातूशी संस्कृतमधला ‘सच्’ जोडतात. त्याचा अर्थ सोबत असणं. ‘सखा’ हा त्याच कुळातला, आणि ‘सचिव’सुद्धा. सचिव म्हणजे आधी सोबती, मग सल्लागार, मग मंत्री. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सुरनीस हे फारसी पद ‘सचिव’ झालं. त्यामुळे सोसायटीच्या मराठी पत्राखाली सेक्रेटरीच्या जागी ‘सचिव’ अशी सही होते, तेव्हा ‘सोसायटी’ आणि ‘सचिव’ ही हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली दोन भावंडं एकाच कागदावर येतात. असा योग शब्दांच्या आयुष्यात विरळाच.

गेटवरच्या पाटीवर नावाखाली नोंदणी क्रमांक असतो. त्यात तिरक्या रेघांमध्ये वॉर्डाची खूण, मग ‘एचएसजी’ आणि त्यापुढे बहुतेक ठिकाणी ‘टीसी’ ही अक्षरं दिसतात. रोज त्याखालून जाणाऱ्या फार थोड्यांनी ती वाचलेली असतात. ‘टीसी’ म्हणजे टेनंट को-पार्टनरशिप, भाडेकरू सहभागीदारी. 1961 च्या सहकार नियमांनुसार या प्रकारात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची मानली जातात, आणि सभासदाकडे असतात शेअर आणि आपल्या घरात राहण्याचा हक्क. जुन्या शेअर सर्टिफिकेटवर प्रत्येकी 50 रुपयांचे पाच शेअर दिसतात. कोट्यवधींच्या घराची सभासदत्वाची खूण म्हणजे हा 250 रुपयांचा कागद.

आणि तरीही बोलण्यात मात्र ‘ओनरशिपचा फ्लॅट’. त्यालाही कारण आहे. चाळीत घरमालक होता, भाडं होतं, 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याचं संरक्षण होतं, पण घर आपलं नव्हतं. 1963 मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला, तो ‘मोफा’ या नावाने ओळखला जातो. गिरगाव-परळची चाळ सोडून बोरिवली-मुलुंडला निघालेल्या मराठी कुटुंबासाठी ‘ओनरशिप’ हा आयुष्याच्या कमाईचा शब्द होता. त्या अभिमानात गैर काही नाही. अडचण एवढीच की, दार लावून घेतलं की आतलं सगळं आपलं, अशी समजूत त्यातून पक्की झाली.

या समजुतीची किंमत घाटकोपरने मोजली आहे. 25 जुलै 2017 च्या सकाळी दामोदर पार्क भागातली सिद्धी-साई ही चार मजली इमारत कोसळली आणि 17 जणांचा जीव गेला. तळमजल्यावरच्या जागेत नूतनीकरण चालू होतं, त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. कुठल्याही इमारतीत खांब तळमजल्याच्या गाळ्यातून जातो, पण तो चौथ्या मजल्याचाही असतो. सोबती या जुन्या अर्थाची याहून कठोर आठवण दुसरी नाही.

सोबती कोणाला मानायचं, हा प्रश्नही याच शब्दात दडलेला आहे. अहमदाबादच्या झोरास्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये, सभासदत्व एका समुदायापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत राज्यभर पोचली आणि मोठा संताप उसळला. कायद्याचा कीस काढता येईल. पण भाषा, जात किंवा ताटातलं अन्न पाहून शेजारी निवडणारी सोसायटी आपल्याच नावाचा अर्थ लहान करते, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

उलट उदाहरणही उपनगरातच आहे. जागतिक बँकेच्या मदतीने 1980 च्या दशकात कांदिवलीत चारकोपची वसाहत आखली गेली. लहान भूखंड, मधे मोकळं अंगण आणि त्याभोवतीच्या सुमारे 35 घरांची एक सोसायटी. लोकांनी हाती पैसा आला तशी घरं वाढवली. बैठ्या घरांच्या त्या रांगांत सोसायटी आधी आली आणि पक्क्या भिंती नंतर.

सध्या उपनगरांत घरोघरी एकच विषय आहे, रिडेव्हलपमेंट. घाटकोपरच्या पंतनगरपासून बोरिवलीपर्यंत साठ-सत्तरच्या दशकांतल्या तीन-चार मजली इमारती पाडून मनोरे उभे राहत आहेत. इमारत रिकामी होते, रहिवासी भाड्याच्या घरांत पांगतात, कुणी विरारला, कुणी ठाण्याला. पत्त्यावर फक्त पत्र्याचं कुंपण उरतं. पण सोसायटी मोडलेली नसते. तिची सभा भरते, शेअर सर्टिफिकेट चालू असतं, करारावर सही तिचीच असते. विटा गेल्या तरी जे शिल्लक राहतं तेच सोसायटी. 2019 च्या सरकारी निर्देशांनुसार पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती पुरते. म्हणजे उरलेल्या 49 टक्क्यांना समजावणं, त्यांचं ऐकून घेणं, ही जबाबदारी कायदा संपतो तिथून सुरू होते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जमिनीची. ‘मोफा’च्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून द्यायला हवी. याला लोक ‘कन्व्हेयन्स’ म्हणतात. कित्येक ठिकाणी ते दशकानुदशकं झालेलं नाही. रंगकामाला, सीसीटीव्हीला, गणपतीच्या मांडवाला वर्गणी निघते, पण पायाखालची जमीन कागदावर दुसऱ्याचीच राहते. यावर 2008 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ची सोय झाली. बिल्डर पुढे येत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. त्यासाठी कागद जमवावे लागतात, खेटे घालावे लागतात, आणि ते एकट्या सेक्रेटरीचं काम नव्हे.

दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा होते. तिच्या नोटिशीत शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल. बहुतेक सोसायट्यांत ते वाक्य खरं ठरतं आणि पाच-सात माणसं सगळ्यांच्या घरांचे निर्णय घेऊन उठतात. या वर्षी तरी पहिल्या वेळेला खाली उतरा. कन्व्हेयन्स झालं का ते विचारा, नसेल तर अर्ज कधी करणार ते इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि आपल्या जमिनीच्या प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचं आहे ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.