पाच किलोमीटरचा गोल

निपाणी-बेळगाव भागातल्या तंबाखूच्या वखारी, शाळा, तालमी, जत्रा यांच्या आठवणी आपण सगळेच लिहितो-वाचतो. आज जरा वेगळं लिहितोय, लांबलंय, सांभाळून घ्या.

मी गुरांचा डॉक्टर. बेंगळूरूच्या हेब्बाळ कॉलेजातून शिकून १९८९ ला कर्नाटक सरकारच्या पशुपालन खात्यात लागलो आणि २०२३ ला निवृत्त झालो. बहुतेक नोकरी चिकोडी, हुक्केरी आणि निपाणी याच पट्ट्यात झाली. गुरांचा डॉक्टर म्हटलं की लोकांना वाटतं, गाय अडली, म्हैस फुगली की याला बोलवायचं. ते तर होतंच. पण माझा निम्मा वेळ धडधाकट जनावरांसाठी गेला. साथ यायच्या आधी काय करून ठेवायचं, आणि आली तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं, हे ते काम. ते दिसत नाही. साथ आली नाही तर लोक म्हणतात, डॉक्टरनं काय केलं? आणि आली तर म्हणतात, डॉक्टर काय करत होता?

आमच्या भागात हे काम जरा अवघड होतं, कारण इथं प्रत्येक गोष्ट दोनदा असते. बेंदूरसुद्धा दोन. ज्येष्ठात कर्नाटकी, आषाढात महाराष्ट्रीय. आमच्या गावात काही घरं हा करतात, काही तो, आणि पोरं दोन्हीकडच्या पोळ्या खातात. रोगांनाही दोन नावं. आपण लाळ्या-खुरकूत म्हणतो, कन्नडमध्ये कालुबायी रोग. आपला घटसर्प तो त्यांचा गंटलु बेने. बुळकांडीला दोड्ड रोग म्हणजे मोठा रोग म्हणायचे. माहितीपत्रकं कन्नडमध्ये यायची. मी रात्री बसून ती मराठीत उतरवायचो आणि झेरॉक्स काढून दूध संस्थेच्या भिंतीवर चिकटवायचो. त्यात राजकारण नव्हतं. ज्याच्या गोठ्यात जनावर आहे, त्याला ते वाचता आलं पाहिजे, एवढंच.

बुळकांडीवरून आठवलं. आज पन्नाशीच्या आतल्या कुणाला हा शब्दही माहीत नसेल, आणि ती फार चांगली गोष्ट आहे. या रोगानं अख्खी खिलारं बसायची. इंग्रजांनी १८८९ साली पुण्यात गुरांच्या रोगांवर प्रयोगशाळा काढली, पुढं ती हिमालयात मुक्तेश्वरला नेली, त्यामागं मोठं कारण हा रोगच होता. मी नोकरीला लागलो तेव्हा बर्फाच्या थर्मासमध्ये बुळकांडीची लस घेऊन सायकलवरून, बैलगाडीतून फिरायचो. १९९२ पासून निर्मूलनाची राष्ट्रीय योजना जोरात सुरू झाली. पुढच्या टप्प्यात लस थांबवायची आणि गावोगाव फिरून फक्त विचारायचं, असं ठरलं. "जनावराचं तोंड आलंय का? नाकाडोळ्यातनं पाणी? हगवण?" लोक हसायचे. डॉक्टर औषध देईना झालाय, नुसता चौकशी करतोय! पण त्या चौकशीवरच सगळं उभं होतं. १९९५ मध्ये देशात शेवटचं जनावर सापडलं, २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ ला सगळं जग. माणसातल्या देवीनंतर जगातून पुसलेला हा दुसराच रोग. मी त्यातून एक गोष्ट शिकलो. लस महत्त्वाची, पण "आमच्याकडं हाय" असं वेळेत सांगणारा शेतकरी तिच्याइतकाच महत्त्वाचा.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. लंपी. कन्नडमध्ये चर्मगंटू रोग, म्हणजे कातडीवरच्या गाठींचा. भारतात तो पहिल्यांदा २०१९ साली ओडिशात दिसला. २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात गुजरात आणि राजस्थानात त्यानं कहर केला, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. ताप येतो, अंगभर गाठी उठतात, पाय सुजतात, दूध एकदम तुटतं. डास, चावऱ्या माश्या आणि गोचीड हा रोग पसरवतात. माणसाला होत नाही, उकळलेलं दूध प्यायला काही अडचण नाही, हे मी त्या काळात दिवसाला शंभर वेळा सांगितलं असेल.

ऑगस्टमध्येच आम्ही तयारीला लागलो. तयारी म्हणजे काय? एक साधी शंभर पानी वही. गावनिहाय गाई किती, बैल किती, दूध संस्थेचा सेक्रेटरी कोण, लसीसाठी बर्फ कुठं मिळेल, जेसीबी कुणाकडं आहे, मेलेलं जनावर पुरायला आठ फूट खड्डा कुठं काढता येईल, चुना आणि मीठ कुठून आणायचं. संकेश्वर, गडहिंग्लज, मुरगूड इकडच्या बाजारांना कुठल्या गावची जनावरं जातात. आणि शेवटच्या पानावर कागल तालुक्यातल्या माझ्या जोडीदार डॉक्टरांचा नंबर. त्यांची-माझी ओळख जुनी. एका जत्रेत दोघांनी मिळून एक अडलेली म्हैस सोडवली होती, तेव्हापासूनची.

या वहीतल्या शेवटच्या पानाचं महत्त्व कळायला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. एखाद्या गावात लंपी सापडली की त्या गावाला मध्य धरून नकाशावर पाच किलोमीटरचा गोल काढतात आणि त्या गोलातल्या सगळ्या निरोगी गाईबैलांना लस देतात. शेळ्यांच्या देवीची लस त्यासाठी वापरली. लस द्यायची ती बाहेरच्या कडेपासून सुरू करून आत यायचं. आतून बाहेर गेलं, तर आपल्याच चपला-कपड्यांवरून नि सुईवरून रोग बाहेर जाईल. प्रत्येक जनावराला नवी सुई. लसीचं बळ यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून एकेक दिवस मोलाचा.

आता निपाणीपासून असा गोल काढून बघा. आमच्या कितीतरी गावांचा निम्मा गोल महाराष्ट्रात जातो! कागदावर माझी हद्द शिवेच्या दगडाशी संपते. लस प्रत्येक राज्याची वेगळी, नोंदवही वेगळी, साहेब वेगळे. रीतसर पत्र तालुक्यातनं बेळगावला, तिथनं कोल्हापूरला आणि मग कागलला, असं जाणार. तोवर माशी तीनदा जाऊन आलेली असते. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर मात्र १२ आकडे असतात आणि ती नोंद देशभर एकच. गाय देशाची, गोल दोन राज्यांचा.

त्याच वर्षी माझा पुतण्या ऑस्ट्रेलियातनं फोनवर सांगत होता, की बालीहून परतताना विमानतळावर त्याला औषधात भिजवलेल्या चटईवर बूट पुसायला लावले. का, तर इंडोनेशियात लाळ्या-खुरकूत परत आली होती. १९९० पासून त्या रोगातून मुक्त असलेला देश, २०२२ च्या मे महिन्यात जावा बेटावर साथ जाहीर झाली आणि जुलैपर्यंत ती बालीला पोचली. बेटावर राहणाऱ्यांना समुद्राचा भरवसा असतो, पण तोही पुरत नाही. २००१ साली इंग्लंडमध्ये याच रोगानं साठ लाखांवर जनावरं मारावी लागली, तेही बेटच. पुतण्या म्हणाला, "काका, आपल्याकडं अशी चटई घाला की." मी म्हटलं, बाबा, कुठं घालू? कोगनोळीच्या नाक्यावर करोनात माणसांचे रिपोर्ट तपासले, कारण ती हायवेनं येत होती. गुरं हायवेनं येत नाहीत. उन्हाळ्यात म्हैस वेदगंगा चालत पार करते.

म्हणून आमचा समुद्र म्हणजे माणसांची ओळख. तिची परीक्षा माझ्याच घरात झाली.

माझी धाकटी बहीण कागल तालुक्यात दिलीय. आमच्या शिवारातून तिचं गाव दिसतं. ऑक्टोबरमध्ये, वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी, रात्री साडेनऊला तिचा फोन. "अण्णा, गाईच्या मानंवर गाठी उठल्यात. खाईना झालीया." आवाज दबका होता. मागं दाजींचा आवाज येत होता, "त्येला सांगू नगंस म्हटलं न्हवं?"

दाजींचं म्हणणं मला कळत होतं. भाचीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलेलं. त्यासाठी खिलार बैलजोडी विकायची, गिऱ्हाईक ठरलेलं, इसार घेतलेला. गावात लंपी निघाली असं कागदावर आलं की बैल दावणीवरनं हलायचे नाहीत. बाजार तर बंदच होते. गिऱ्हाईक आलं तरी वाहतुकीला परवानगी नाही. त्यांना वाटत होतं, मेव्हणा डॉक्टर आहे, गुपचूप औषध देईल, आठ दिवसांत बैल जातील, मग काय व्हायचं ते होऊ दे.

फोन दाजींनी घेतला. "डॉक्टर, तुम्ही उद्या पहाटं या. कुणाला कळायचं न्हाई."

मी म्हटलं, "दाजी, येतो म्हटलं तरी मला तिथं हात लावता येत नाही, ती हद्द माझी नाही. आणि तुमच्या दावणीला असलेली ती जोडी उद्या ज्याच्या गोठ्यात जाईल, त्याच्या गाईचं काय? सकाळी आठच्या आत तुमच्या डॉक्टरांना सांगा. बैल आत्ताच्या आत्ता गाईपासनं लांब बांधा, गोठ्यात धूर करा."

"आणि लग्न?"

त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. "लग्नाचं आपण बसून बघू," एवढंच म्हणालो. ते काही न बोलता फोन ठेवून गेले.

सकाळी सातलाच कागलच्या डॉक्टरांचा फोन. बहिणीनं स्वतः जाऊन सांगितलं होतं. मध्य तिकडं पडला, म्हणजे गोलाचा निम्मा भाग माझ्याकडं. त्यात आमचं स्वतःचं गावही. वही उघडली, बर्फ आणला आणि दुपारच्या आत आमच्या बाजूच्या कडेच्या गावातनं सुरुवात केली. ते त्यांच्या कडेनं निघाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवेच्या ओढ्यापाशी दोघांची पथकं समोरासमोर आली. अधिकृत पत्र त्यानंतर कितीतरी दिवसांनी आलं. ते फाईलला लावलं.

त्या वर्षी वसुबारसेला बायकांना एकमेकींच्या गोठ्यात जाऊन गाय पुजू नका, म्हणून सांगावं लागलं. आई गेल्यापासून आमच्या घरी पहिल्यांदाच पाटावर मातीची गाय ठेवून पूजा झाली.

बहिणीची गाय नवव्या दिवशी गेली. वासरू बाटलीच्या दुधावर वाचलं. गोठ्यात रोग आहे कळल्यावर काही दिवस तिचं दूधही कुणी घेईना, घेण्यासारखं होतं तरी. बैल वाचले, पण जोडी विकली गेली ती फेब्रुवारीत, ठरल्यापेक्षा बरीच कमी किमतीला. लग्न पुढं गेलं, अक्षय्य तृतीयेला झालं. निम्मा खर्च मी उचलला. दाजींनी तो घेतला, पण दोन-तीन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. "तुमच्या नोकरीपायी माझं बैल घरात बसलं," हे वाक्य त्यांनी आजवर मागं घेतलेलं नाही, आणि मी घ्या म्हणतही नाही. नुकसान त्यांचं झालं होतं. त्यांच्या गल्लीत नंतर एकच गाय आजारी पडली आणि ती उठली, हेही खरं.

नुकसानभरपाईतही शीव आडवी आली. महाराष्ट्रात दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार. आमच्याकडं गाईला २० हजार, बैलाला ३० हजार, वासराला ५ हजार. ओढ्याच्या अलीकडं-पलीकडं एकाच वळूची पैदास, पण मेल्यावर किंमत वेगळी. लोक हिशोब घालायचे, "गाय मरायची तर तिकडं, बैल मरायचा तर हिकडं." हसत म्हणायचे, पण त्यात काय होतं ते मला कळायचं. माझं मत विचाराल तर शिवेवरच्या गावांपुरती तरी ही रक्कम सारखी असावी आणि ती लवकर हातात पडावी. कारण लपवलेल्या गाईमागं बहुतेक वेळा अज्ञान नसतं, घरातलं लग्न असतं, कर्जाचा हप्ता असतो. सांगणाऱ्याला सांगितल्याची शिक्षा होणार असेल, तर पुढच्या वेळी कोण सांगेल?

त्याच हंगामात ऊसतोड टोळ्यांचे बैल आले. कुठून कुठून येतात ते तुम्हाला माहीत आहे. कारखान्याच्या तळावरच बैलाला लस टोचलीय का, कधी टोचलीय, हे बघितल्याशिवाय पुढं सोडायचं नाही, असं आम्ही करून घेतलं. मुकादम चिडायचे. पण टोळीतल्या माणसाचं सगळं भांडवल म्हणजे ती बैलजोडी. एकदा त्यांना समजावून सांगितलं की तेच बैल घेऊन रांगेत पुढं यायचे.

आता मी घरीच असतो. ती शंभर पानी वही माझ्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाईंना दिली. त्या विजापूरकडच्या, मराठी शिकतायत. वहीतलं मराठी वाचता येत नाही म्हणाल्या, म्हणून एक रविवार बसून दोघांनी तिची कन्नड नक्कल केली. कागलचे माझे जोडीदारही निवृत्त झाले. नव्या दोघांची एकमेकांशी गाठ घालून दिली, चहा पाजला आणि दोघांच्या फोनमध्ये नंबर घातलेत का, ते बघूनच उठलो.

तुमच्यापैकी बरेचजण पुण्या-मुंबईला, बेंगळूरूला असाल, पण गावाकडं कुणाच्या तरी गोठ्यात दोन जनावरं असतीलच. पुढच्या फोनवर तब्येत-पाणी विचारून झालं की एवढं विचारा: कानात बिल्ला आहे का, लाळ्या-खुरकुताची लस वर्षातनं दोनदा होते का, लंपीची झालीय का. जनावर आजारी पडलं तर फिरत्या दवाखान्याचा नंबर १९६२, तो दोन्ही राज्यांत एकच आहे. फक्त आमच्या गावांत मोबाईलला कधी इकडचा टॉवर मिळतो, कधी तिकडचा. म्हणून फोन लागल्यावर आधी गाव, तालुका आणि राज्य सांगा, मग रोग.