बॅकबेचा चिखल आणि इस्तंबूलचा प्राध्यापक

बॅकबे भरणीचा इतिहास सांगताना आपण गव्हर्नर लॉइडसाहेबांचा हट्ट, फुगलेला खर्च आणि वीर नरिमान यांची झुंज येथेच थांबतो. माझे कुतूहल मात्र त्या चिखलाविषयी आहे.

१९२० नंतर मुंबई सरकारच्या विकास खात्याने ११४५ एकर समुद्र बुजवण्याचे काम हाती घेतले. बंदराच्या तळाची मऊ चिकणमाती ड्रेजरने उपसायची, पाण्यासह नळांतून पाठवायची आणि समुद्रभिंतीच्या आत साठू द्यायची, अशी ती योजना. पण चिखल ओतला की जमीन झाली, असे होत नाही. कणांमधले पाणी निघून जाईल तसतशी ती खाली बसत जाते. किती बसेल आणि किती वर्षे बसत राहील, हाच खरा प्रश्न.

त्याचे गणिती उत्तर कार्ल टेर्झागी तेव्हा इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात शोधत होता. ओल्या चिकणमातीवर भार पडला की आधी तो पाणीच पेलते. पाणी निसटते तसा तो कणांच्या सांगाड्यावर येतो. पाणी फार सावकाश वाहते, म्हणून इतका विलंब. थराची जाडी दुप्पट असेल, तर काळ चौपट. हे मांडणारा त्याचा ग्रंथ १९२५ साली व्हिएन्नात निघाला आणि दुसऱ्याच वर्षी बॅकबेची चौकशी समिती बसली! हा योगायोग मला विलक्षण वाटतो.

तरीही, 'शास्त्रच नव्हते' म्हणून अभियंत्यांना सोडून देणे मला पटत नाही. ड्रेजर अंदाजाइतका गाळ देत नव्हता, भिंतीतून चिखल पुन्हा समुद्रात जात होता. हे कळायला टेर्झागी कशाला हवा? नरिमान यांनी या कारभारावर बोट ठेवले, त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले.

शिवाय टेर्झागीचे समीकरणही ताज्या गाळाला पुरते लागू पडत नाही. ते थराची जाडी फारशी बदलत नाही असे गृहीत धरते. ओतलेला गाळ तर बसता बसता आपली बरीच जाडी गमावतो. ती उणीव १९६७ साली गिब्सन, इंग्लंड (हे आडनाव, देश नव्हे) आणि हसी यांनी भरून काढली. आज अशा जमिनीत निचऱ्याच्या उभ्या पट्ट्या खुपसतात, कारण पाण्याची वाट अर्धी झाली की काळ पाव होतो.

बॅकबेत अखेर सुमारे ४४० एकरच जमीन मिळाली. चौकशी समितीपुढे काय काय निघाले, ते पुढच्या भागात.