राखणदार

बँकेत कारकून असलेल्या माणसाला, नातेवाइकांच्या मते, तीन विद्या जन्मतःच अवगत असतात. कर्ज मिळवून देणे, फाटक्या नोटा बदलून देणे आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणे. पहिल्या दोन्हींत मी आजवर अनेकांची निराशा केलेली आहे. तिसरीत मात्र लोकांनी आशा सोडलेली नाही.

वास्तविक मी शिवाजी विद्यापीठाचा बी.कॉम. बँकेतल्या कॉम्प्युटरशी माझे नाते खडूस साहेबाशी असते तसे आहे. समोर बसायचे, तो सांगेल ते करायचे आणि आत काय चालले आहे ते विचारायचे नाही. त्यात पेनड्राइव्ह घालायला बंदी, काही उतरवून घ्यायला बंदी, पडद्यावरचे चित्र बदलायलाही बंदी. पण हे आमच्या आत्तीला कोण सांगणार? "तू बँकेत हाईस न्हवं?" एवढे ती म्हणाली की वाद संपला.

आत्तीचे सासर जोतिबाला. म्हणजे डोंगरावरच, वाडी रत्नागिरीला. कोल्हापूरपासून सतरा-अठरा किलोमीटर. रविवार हा देवाचा वार, त्यामुळे रविवारी अवघी पंचक्रोशी 'चांगभलं' म्हणत वर जाते ती दर्शनाला, आणि मी जातो तो कॉम्प्युटर बघायला. देवाला हात जोडून होतात, नाही असे नाही. पण ते घाईघाईत, आणि मनात मागणे एकच असते, 'देवा, आज तो चालू स्थितीत असू दे.'

थोरला आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याचे तिथे दुकान आहे. गुलाल, खोबरे, नारळ, दवणा, देवाचे फोटो आणि पितळी टाक. वरच्या मजल्यावर यात्रेकरूंना द्यायच्या दोन खोल्या. या खोल्यांची नोंदणी घरबसल्या होईल, असे दादाच्या चिरंजिवांनी पटवून दिल्यामुळे कॉम्प्युटर आला. तो आणला तेव्हा पांढरा होता, असे सांगतात. मी पाहिला तेव्हा तो गुलाबी होता. जोतिबाला गुलालापासून सुटलेली वस्तू अजून निर्माण व्हायची आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेनंतर, सासनकाठ्या परतल्यावरही, आठवडाभर त्या डोंगरावरची कुत्री गुलाबी दिसतात, तिथे कीबोर्डाची काय कथा! त्यावरची निम्मी अक्षरे गुलालाखाली गेलेली आहेत आणि दादा अंदाजाने टाइप करतो.

या कॉम्प्युटरबरोबर दुकानदाराने एक अँटीव्हायरस दिला. तीन वर्षांची हमी, डबा चकचकीत, वर ढालीचे चित्र. कंपनी कोणती ते मी सांगणार नाही. पुण्याची की परदेशची, हेसुद्धा नाही. उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. तशी ही सगळी विद्या भावाभावांनीच वाढवलेली दिसते. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस केला आणि त्यात चक्क स्वतःची नावे, पत्ता आणि फोन नंबर घालून ठेवला. असा सज्जन शत्रू आता मिळत नाही. इकडे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात 'क्विक हील' उभे केले. विष भावांनी काढले, उताराही भावांनीच. आमच्या घराण्यात भावाभावांनी मिळून एक सामायिक विहीर तेवढी काढली, ती अजून कोर्टात आहे.

तर तो अँटीव्हायरस. पूर्वीचा व्हायरस फ्लॉपीतून यायचा, म्हणून राखणदाराने फ्लॉपीच्या तोंडाशी बसले की भागायचे. आता विष येते ते इंटरनेटच्या पानांतून, म्हणून राखणदार उठून थेट ब्राउझरच्या उंबऱ्यावर येऊन बसला. बसला तो बसला, घर आपलेच असल्यासारखे वागायला लागला. पहिल्याच दिवशी त्याने गूगलचे पान बाजूला सारून आपले 'सुरक्षित शोध' नावाचे पान लावले. त्यात दादाने पन्हाळ्याचा पाऊस शोधला तर आधी पन्हाळ्याच्या हॉटेलांच्या जाहिराती आल्या, मग छत्र्यांच्या, पाऊस कुठेच नाही. जी पाने सापडत त्या प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. माझ्या अख्ख्या शालेय जीवनात गणिताच्या मास्तरांनी जेवढ्या बरोबरच्या खुणा दिल्या नाहीत, तेवढ्या हा गृहस्थ एका पानावर देत असे.

पुढे तो पाकिटे फोडायला लागला. हे जरा समजावून सांगतो, कारण मलाही ते बँकेतल्या एका तरुण सहकाऱ्याने दोन चहांच्या बदल्यात समजावून सांगितले आहे. आपला ब्राउझर आणि बँक यांच्यातला मजकूर लाखबंद पाकिटातून जातो. पत्त्याशेजारी ते कुलूप दिसते ना, ती ती लाख. आता आत विष आहे की नाही हे बघायचे, तर पाकीट फोडल्याशिवाय कसे कळणार? म्हणून काही अँटीव्हायरस वाटेतच ते फोडतात, वाचतात, परत बंद करतात आणि वर स्वतःची लाख लावतात. ही लाख खरी मानावी, असे त्यांनी कॉम्प्युटरला आधीच बजावून ठेवलेले असते. हेतू चांगलाच. पण आमच्या लहानपणी गल्लीतली सगळी पत्रे चांगल्याच हेतूने वाफेवर उघडून वाचणाऱ्या एक काकू होत्या, त्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. राखणदाराला घरातले सगळे दिसते, हीच तर अडचण. अवास्ट नावाच्या मोठ्या कंपनीने गिऱ्हाइकांनी कोणकोणती पाने पाहिली ती माहिती आपल्याच एका उपकंपनीमार्फत विकल्याचे 2020 साली उघड झाले आणि 2024 साली अमेरिकेत तिला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले.

गंमत म्हणजे क्रोम आणि फायरफॉक्स यांच्यात धोकेबाज पत्त्यांची गूगलची यादी मुळातच असते, एजमध्ये मायक्रोसॉफ्टची स्वतःची व्यवस्था असते. म्हणजे दारात एक गुरखा आधीच उभा. त्याच्यापुढे आपण दुसरा उभा केला. आता दोघे मिळून प्रत्येक पाहुण्याची झडती घेतात आणि पाहुणा, म्हणजे ते पान, आत येईपर्यंत दादाचे दोन नारळ विकून होतात.

पैशाच्या व्यवहारासाठी तर वेगळी खिडकीच होती. भोवती जाड चौकट आणि आत सुरक्षित शांतता. त्या खिडकीत काही चिकटवता येत नाही, पडद्याचा फोटो घेता येत नाही. चोराला पासवर्ड उचलता येऊ नये म्हणून. चोराचे माहीत नाही, पण दादाला गुलालाखालच्या अक्षरांतून अकरा आकडी-अक्षरी आयएफएससी कोड अंदाजाने मारावा लागे. तिसऱ्या प्रयत्नाला तो कोड जमेपर्यंत खिडकीची वेळ संपत असे.

हे सगळे आम्ही सोसले. कळस झाला तो 2025 च्या ऑक्टोबरात. बनावट संकेतस्थळांना आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबरपर्यंत आपले पत्ते बदलून 'डॉट बँक डॉट इन' करायला सांगितले होते. हा शेपटा फक्त बँकांनाच मिळतो, म्हणजे शेपूट बघावे आणि निर्धास्त व्हावे, अशी योजना. आमच्या बँकेनेही पत्ता बदलला. रविवारी मी मोठ्या ऐटीत आत्तीला म्हणालो, "बघ आत्ती, आता आमच्या बँकेच्या नावानं कुणाला फसवता यायचं न्हाई." आणि नवा पत्ता टाइप केला.

पडदा लालभडक झाला. मध्ये एक पांढरा हात आणि खाली, 'हे संकेतस्थळ धोकादायक आहे. तुमचे पैसे चोरीला जाऊ शकतात.'

कोवळा पत्ता, ओळखीचा नाही, म्हणून राखणदाराने अडवला असणार. माझे सहकारी नंतर तसेच म्हणाले. पण त्या वेळी आत्तीने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. वीस वर्षे मी त्या बँकेत आहे. माझ्याच शब्दावर तिने तिथे खाते काढलेले.

"हे तुमचं चोरीचं हाय व्हय रं?" आत्तीने विचारले. आवाजात राग नव्हता. काळजी होती, माझी.

तेव्हा दादाचे चिरंजीव पुढे आले. "काका, त्याचं काय मनावर घेऊ नका. ते रोज बोंबलतंय. परवा लाइट बिलाला लाल झालं, काल माझ्या कॉलेजच्या निकालाला लाल झालं, आणि त्याची वर्गणी संपत आली की आपलं आपल्यालाच लाल होतंय." हे मात्र खरे होते. 'फक्त 12 दिवस उरले' ही सूचनासुद्धा त्याच लाल रंगात, त्याच हातासकट येत असे. दरोडेखोर आला आणि पगार थकला, या दोन्ही गोष्टी हा राखणदार एकाच किंकाळीत सांगायचा.

"खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'तरीही पुढे जा' असतंय," चिरंजीव म्हणाले, "ते दाबायचं."

दाबले. बँक उघडली. माझी अब्रू परत आली. त्या आनंदात मी एक गोष्ट केली. गल्ल्यातला एक कोरा कागद घेतला आणि बँकेतल्या वळणदार अक्षरात त्यावर लिहिले, 'लाल आले तर घाबरू नये. खालचे बारके दाबावे.' आणि तो पडद्याच्या कडेला चिकटवून दिला. दर रविवारी वर यायचा माझा त्रास वाचावा, एवढाच उद्देश.

दिवाळीनंतर महिन्याभराची गोष्ट. संध्याकाळी साडेसात वाजता दादाचा फोन आला. "भावा, पैसं गेलं."

झाले होते असे. दादाच्या व्हॉट्सॲपवर वीज कंपनीच्या नावाने निरोप आला, बिलाची नोंद अपुरी आहे, आज रात्री वीज तोडण्यात येईल, खालील दुव्यावर दहा रुपये भरावेत. व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर उघडे होते. दादाने दुवा दाबला. पडदा लाल झाला, हात आला. या खेपेला राखणदार बरोबर होता. त्याच्या अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच त्याने खरा चोर ओळखला होता, आणि ओरडला होता तो नेहमीच्याच आवाजात.

दादा म्हणतो, तो क्षणभर थांबला होता. पण शेजारी आत्ती बसली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक अक्षरे तिला दिसत नाहीत. पण कागदावर काय लिहिले आहे ते तिला पाठ होते. ती म्हणाली, "आरं थांबलास कशाला? त्येनं लिवलंय न्हवं? दाब."

दादाने दाबले. कार्डाचा नंबर घातला. ओटीपी आला. त्या निरोपात रक्कमही लिहिलेली असते, पण माणूस सहा आकडे तेवढे वाचतो. दहा रुपयांऐवजी साडेचोवीस हजार गेले. खाते आत्ती आणि दादा दोघांच्या नावावर. आणि पैसे कशाचे, तर आत्तीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे.

मी फोनवरच दादाला 1930 लावायला सांगितले, इकडून कार्ड बंद करवले. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे गिऱ्हाइकाने आपण होऊन ओटीपी दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचेच, हे परिपत्रक मी काउंटरवर किती जणांना वाचून दाखवले असेल, गणती नाही. दादाला वाचून दाखवायला तोंड उघडेना. तक्रार लवकर झाल्यामुळे नऊ हजार वाटेत कुठेतरी अडकले, ते यथावकाश परत आले. ऑपरेशन झाले. बाकीचे पैसे मी घातले. हे सौ.ला अजून सांगितलेले नाही, हे पुस्तक हाती पडल्यावर कळेलच.

पण हे सगळे पुढचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, दादा आणि आत्ती कोल्हापुरात पोलिसांकडे गेलो. आत्तीला येऊ नको म्हटले होते, तिने ऐकले नाही. दादाने पुरावा म्हणून निरोपाची छापील प्रत, पासबुक आणि, मला न विचारता, तो कागदही आणला होता. कडेला गुलाबी बोटांचे ठसे असलेला.

साहेबांनी सगळे शांतपणे वाचले. शेवटी तो कागद उचलला, दोनदा वाचला आणि विचारले, "हे कुणी लिहिलं?"

दादा टेबलाकडे बघत राहिला. आत्तीने पदर सावरला आणि ताठ बसून म्हणाली, "आमच्या भाच्यानं. बँकेत हाय त्यो."

"कुठल्या बँकेत?" साहेबांनी माझ्याकडे बघून विचारले.

मला जोराचा खोकला आला.