वळवाच्या वाऱ्यात मोठं शीड

इसापूर धरणाच्या पाण्यावर वर्षातले बरेच दिवस वारा जेमतेम असतो. पैनगंगेचं हे पाणी हिंगोली आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर लांबवर पसरलंय, काठाला उघडी माळरानं आहेत, तरी हिवाळ्यात दुपार होईपर्यंत पान हलत नाही. अशा पाण्यावर विंडसर्फिंग करायचं तर शीड मोठंच हवं. समुद्रावर चांगल्या वाऱ्याच्या दिवशी पाच-साडेपाच चौरस मीटरच्या शिडावर मजेत फिरता येतं. इथं तेवढ्या शिडावर बोर्ड जागचा हलत नाही. म्हणून माझं शीड ९.५ चौरस मीटरचं.

अडचण अशी की मराठवाड्यातला वारा वाढतो तेव्हा बेतानं वाढत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत नुसता उकाडा, आणि वळवाचं आभाळ उठलं की बघता बघता वावदान सुटतं. घरावरचे पत्रे उडवणारा हा वारा पाण्यावर गाठतो तेव्हा हातात तेच मोठं शीड असतं, कारण पाण्यात शीड बदलता येत नाही. त्याला कसं तोंड द्यायचं हे मी मुंबईच्या समुद्रावर शिकलो आणि त्याची खरी कसोटी इसापूरला लागली.

मी कळमनुरी तालुक्यातला. धरणाच्या काठावरच वाढलो, पण शीड पहिल्यांदा पाहिलं ते फौजेत. खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झालो आणि पोहणं चांगलं म्हणून पुढं मुंबईला लष्कराच्या यॉटिंग नोडवर गेलो. तिथं आरएसएक्स हा बोर्ड हाती आला. २००८च्या बीजिंगपासून टोकियोपर्यंत चार ऑलिंपिकमध्ये हाच बोर्ड होता. त्याचा नियम कडक: पुरुषांना ९.५ चौरस मीटरचं शीड, महिलांना ८.५चं, आणि वारा मंद असो की भन्नाट, शीड तेच. जोराचा वारा आहे म्हणून लहान शीड लावू, ही सोय नाही. सप्टेंबर २०२३मध्ये चीनमधल्या निंगबोजवळ आशियाई स्पर्धेच्या शर्यती झाल्या, तेव्हा इबाद अलीनं याच प्रकारात भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. त्या बातमीनं मला जो आनंद झाला तो शब्दांत मांडणं कठीण, कारण ते शीड वाऱ्यात धरून ठेवताना दंडाचं आणि कमरेचं काय होतं ते मला माहीत आहे. ऑलिंपिकसाठी तोवर पाण्यावर उचलला जाणारा आयक्यूफॉइल बोर्ड ठरला होता. जुने आरएसएक्स त्यामुळे आवाक्यात आले. निवृत्तीनंतर त्यातलाच एक वापरलेला संच मी गावी आणला.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बोर्डाला सुकाणू नसतं. डोलकाठी बोर्डावर घट्ट रोवलेली नसते, ती एका फिरत्या सांध्यावर उभी असते आणि कुठल्याही बाजूला झुकते. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात हॉइल श्वाइट्झर आणि विमानांचा अभियंता असलेला जिम ड्रेक या दोघांनी असा बोर्ड बनवून त्याचं पेटंट घेतलं. शीड पुढं झुकवलं की बोर्डाचं नाक वाऱ्यापासून वळतं, मागं झुकवलं की वाऱ्याकडे. म्हणजे शीड पेलणं आणि दिशा देणं ही दोन कामं नाहीतच. शीड हातून गेलं की दिशाही गेली.

आता वाऱ्याचा हिशेब. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. ताशी १८-१९ किलोमीटरच्या वाऱ्यात साडेनऊ मीटरचं शीड ढोबळमानानं १५ किलोच्या भारानं ओढतं. वारा ३७ किलोमीटरवर गेला की तोच भार ६० किलोच्या घरात जातो. नुसत्या हातांनी एवढा भार किती वेळ धरणार? आमचे रत्नागिरीकडचे उस्ताद सेफ्टी बोटीतून ओरडायचे, "दंडांनी लढू नको, लटक!" कमरेच्या हार्नेसचा आकडा बूमवरच्या, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांड्यावरच्या दोरीत अडकवायचा, हात सरळ सोडायचे, पुढचा पाय ताठ करायचा आणि सगळं वजन बूमवर टाकून पाण्याकडे खाली बसल्यासारखं व्हायचं. उभं राहून शीड ओढणारा माणूस पहिल्याच झपाट्याला बोर्डाच्या नाकावरून पुढं फेकला जातो. झपाटा आला की मागचा हात किंचित सैल करायचा आणि वारा निसटून गेला की पुन्हा आत घ्यायचा. हे सैल करणं बोटभर असतं. हातभर सोडलं तर शीड फडफडतं, बोर्ड थांबतो आणि पुढच्या झपाट्याला तुम्ही आयते सापडता.

सगळ्यात कठीण म्हणजे वाऱ्याच्या दिशेनं चढत जाऊन मग वाऱ्यासोबत वळणं. वळताना एक टप्पा असा येतो की शीड पूर्ण ताकदीनं ओढत असतं आणि तिथं रेंगाळून चालत नाही. वजन मागं, पाय मागच्या पट्ट्यात, गुडघे वाकलेले, शीड थोडं उघडं, आणि झटक्यात वळण. मुंबई बंदरात ओहोटीचं पाणी दुपारच्या खाऱ्या वाऱ्याला आडवं येऊन आखूड, उभ्या लाटा उठतात. त्या लाटांवर हे वळण घेताना भल्याभल्यांची छाती दडपते. उधाणाच्या दिवसांत तर फारच.

तरी माझं ठाम मत असं की मोठ्या शिडाची निम्मी लढाई काठावरच होते, आणि ती डाऊनहॉलची दोरी ओढताना. डोलकाठीचे दोन तुकडे जोडून ती शिडाच्या पुढच्या कडेच्या खोळीत सरकवायची, बॅटन, म्हणजे शिडातल्या आडव्या कांबी, ताणायचे, बूम लावायचा. मग शिडाच्या खालच्या टोकाची दोरी डोलकाठीच्या बुडातल्या कप्प्यांमधून फिरवायची आणि जमिनीवर बसून, बुडाला पाय लावून, सगळ्या अंगानं मागं रेलत ओढायची. दोरी इंचाइंचानं येते. डोलकाठी धनुष्यासारखी वाकायला लागते. आणि मग शिडाच्या वरच्या भागाची मागची कड, जी आतापर्यंत ताठ होती, ती ढिली पडते. हात लावला तर लपलपते. नवख्या माणसाला वाटतं शीड बिघडलं, त्याला चुणी पडली. पण तो ढिलेपणाच कामाचा. झपाटा आला की शिडाचा माथा त्या ढिल्या कडेमुळे आपोआप पिळतो, उघडतो आणि जास्तीचा वारा वरून निघून जातो. डाऊनहॉल कमी ओढलेलं शीड वारा धरून ठेवतं, ओढ मागं सरकत जाते आणि मागचा हात उपटून निघतो की काय असं होतं. दुसरी दोरी आऊटहॉलची. ती ताणली की शिडाचं पोट कमी होतं, ते सपाट होतं. जोराच्या वाऱ्यात सपाट शीड बरं.

मंद वाऱ्यात मात्र एवढं ओढलेलं शीड सुस्त चालतं. म्हणून लोक सकाळचा वारा बघून दोरी कमी ओढतात. मे महिन्यात मी तसं करत नाही. सकाळी बोर्ड रखडला तरी चालेल, डाऊनहॉल दुपारच्या आभाळाच्या हिशेबानं ओढलेला असतो.

एका मे महिन्यातल्या दुपारी त्याचा उपयोग झाला. काठापासून बराच आत होतो. पश्चिमेचा हलका वारा चालू होता आणि तो एकाएकी पडला. शीड हातात जड झालं. पुसदच्या बाजूला आभाळ काळंनिळं झालेलं, खाली धुळीचा पट्टा. काठाजवळ जाळी गोळा करणारा एक भोई होडीतून ओरडला, "फौजी, वावदान यायलंय, निघा लवकर!" निघायला वारा कुठं होता? मातीचा ओला वास आला आणि दूरवर पाण्यावर काळी रेघ दिसली. ती रेघ म्हणजे वाऱ्यानं खरवडलेलं पाणी. ती आपल्याकडे सरकताना दिसली की हातात फार थोडी मिनिटं असतात.

मी आऊटहॉल ताणला, हार्नेसचा आकडा सोडवला, शीड पाण्यात आडवं केलं आणि बोर्डावर पालथा पडलो. वळवाचा पहिला झपाटा सगळ्यात वाईट असतो. तो शीड पाण्यात ठेवूनच घालवायचा, हे मुंबईला शिकलेलं. पाण्यात पडलेलं शीड नांगरासारखं बोर्डाला धरून ठेवतं. झपाटा आला तेव्हा पाण्याचे तुषार टाचण्यांसारखे कानाला लागत होते. एवढं खरं की बोर्ड सोडायचा नाही, काहीही झालं तरी नाही. पोहणारा माणूस धरणाच्या पाण्यात ठिपक्याएवढा दिसतो, बोर्ड मात्र लांबून दिसतो.

पहिला जोर ओसरला. वारा अजून जबर होता, पण त्यात आता एक सलगपणा आला होता. बोर्डावर उभं राहून दोरीनं एवढं शीड उचलणं अशा वाऱ्यात जमत नाही. अर्ध्यावर आलं की वारा त्याच्याखाली शिरतो आणि तुम्हाला पलीकडे टाकतो. म्हणून पाण्यात उतरलो. पोहत पोहत डोलकाठी वाऱ्याच्या बाजूला आणली आणि ती बोर्डाच्या मागच्या टोकाजवळ धरून थोडी वर ढकलली. मोठ्या शिडाची खोळ रुंद असते, तिच्यात पाणी भरतं, आणि ते निथळेपर्यंत शीड उचलतच नाही. इथं घाई करणारा दमतो. मी कड एक वीत वर धरून थांबलो. पाणी गळत गेलं, वारा खाली शिरला, शीड आपणहून पाण्यावरून सुटलं. पाय बोर्डावर ठेवला आणि शिडानंच मला पाण्याबाहेर काढलं.

घर वाऱ्याच्या खालच्या अंगाला होतं. वाऱ्यासोबत सरळ पळणं सोपं वाटतं, पण मोठ्या शिडाला तीच सगळ्यात धोक्याची चाल. मी वाऱ्याला आडवा निघालो, पाण्यात घुसलेल्या एका माळाच्या टोकाकडे. हात सरळ, बूड खाली, बोर्डाखालचं पातं, म्हणजे डॅगरबोर्ड, वर घेतलेलं. नजर मधूनच शिडाच्या माथ्याकडे जायची. दर झपाट्याला माथा पिळत होता, उघडत होता, परत येत होता. सकाळी ओढलेल्या त्या दोरीचा जीव माझ्या पाठीशी होता. काठ हाकेच्या अंतरावर आला आणि वीज कडाडली. कार्बनची पाच मीटरहून उंच डोलकाठी त्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू होती. तिथं विचार करायचा नसतो. शीड पाण्यात टाकलं आणि हातांनी वल्हवत, वाऱ्याच्या रेट्यानं, बेशरमाच्या झुडपांत जाऊन लागलो.

जमिनीवर आलं की संपलं असं वाटतं, पण बोर्डापासून सुटं झालेलं मोठं शीड काठावर जास्त घातक. ते उचललं गेलं तर माणसाला घेऊन उलथतं. तो भोई होडी काठाला ओढून धावत आला होता. मी काही सांगायच्या आत त्यानं शिडाची डोलकाठीकडची बाजू वाऱ्याच्या तोंडाला फिरवली, तिच्यावर पाय दिला आणि दगड ठेवले. मला आश्चर्य वाटायला नको होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात उकडलेली हळद वाळत पडलेली असते आणि वावदान आलं की आख्खं घर ताडपत्री घेऊन खळ्याकडे पळतं. वाऱ्याकडची कड आधी दाबायची, मग बाकीची सोडायची, हे हिंगोलीच्या पोराला शाळेत जायच्या आधी कळतं. शीड नेतानाही तसंच: डोलकाठी वाऱ्याकडे, मागची कड वाऱ्याच्या खाली, म्हणजे कापड नुसतं तरंगतं. कडा उलट झाल्या की दोन माणसांना आवरत नाही. विजा थांबेपर्यंत आम्ही शीड तिथंच सोडून उघड्यावर लांब, झाडांपासून दूर उकिडवे बसून राहिलो. पाऊस मोजून चार थेंब आला.

त्यानंतर भोईवस्तीतली पोरं मागं लागली आहेत. पाण्याची भीती त्यांना नाही, वारा त्यांना माझ्याआधी कळतो, अंगात काटकपणा आहे. आमच्या भागातली अशी पोरं भरतीच्या रांगेत उभी असतात, पण शिडाचा खेळही आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. धरणं मराठवाड्यात काय कमी आहेत? येलदरी आहे, सिद्धेश्वर आहे, इसापूर आहे. काठावर एखादी इंजिनाची सेफ्टी बोट, वारा मोजायचं साधं यंत्र आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट एवढं झालं तरी इथून चांगले विंडसर्फर निघतील असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी मी ज्याला त्याला भेटतोय.

पोरांसाठी एक लहान शीड मिळवलंय. दसऱ्यानंतर, धरण भरलेलं आणि वारा मऊ असताना, त्यावर सुरुवात करू. साडेनऊचं शीड त्यांनी आधी काठावर जोडायला शिकायचं, डाऊनहॉल माझ्या देखत ओढायचा, माथ्याची कड लपलपते का ते हातानं बघायचं. मे महिन्याच्या पाण्यावर मात्र मी त्यांना एवढ्यात सोडणार नाही, कितीही रुसली तरी.