दोन चुली, एक तार

आमच्या भागात घराची वाटणी होते, तेव्हा भिंती, दारे, भांडीकुंडी सारे वाटले जाते. आड मात्र सहसा वाटत नाहीत. कागदावर ‘सामाईक’ एवढा एक शब्द लिहितात, पाण्याच्या पाळ्या ठरतात, आणि काल एकमेकांकडे न पाहणारे भाऊ आज एकाच रहाटावर पोहरा सोडतात. तुकडे केल्यावर जे कुणाच्याच कामाचे उरत नाही, ते सामाईक ठेवावे, हे वाडवडिलांचे शहाणपण. इंटरनेटच्या बाबतीत ते आमच्या उपयोगी पडले.

खानापूर तालुक्यातले आमचे घर जुने, दीड-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींचे. आई गेल्यावर २०१६ साली मी आणि धाकटा भाऊ वेगळे झालो. माजघरात मधोमध विटांची भिंत आली. भांडण असे झालेच नाही. बोलणेच आटत गेले. घरपट्टी आणि लग्नपत्रिका यांपलीकडे आमच्यात विषय उरला नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे मोबाईलवर तास सुरू झाले. शाळेच्या कामासाठी मी इंटरनेट घेतलेले होते, भावाकडे नव्हते. पावसात मोबाईलची रेंज आमच्या गावात धड नसते. एके सकाळी पाहतो, तर नववीतली पुतणी माझ्या पडवीच्या कडेला छत्री उघडून बसलेली, मांडीवर मोबाईल. आत ये म्हटले, तर म्हणाली, ‘‘नको मोठे काका, इथं बरं येतंय.’’ शेकडो मुलांच्या हजेरीची काळजी वाहणारा मी मुख्याध्यापक. आणि माझ्याच घरातली मुलगी पागोळ्यांखाली बसून शिकत होती.

भिंतीपलीकडे वायफाय पोचत नव्हते. जाड आणि त्यात ओल धरलेली भिंत रेडिओलहरींचा जोर खाऊन टाकते. उपाय एकच : भावाच्या बाजूला दुसरा राऊटर ठेवायचा आणि तो तारेने पहिल्याला जोडायचा. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते. आम्हाला वीसही लागली नाही. तिच्या पोटात आठ बारीक तारा, दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या. दोन्ही टोकांना त्यांच्या रंगांचा क्रम जुळावा लागतो. वाटणीची भिंत तुळईपर्यंतच चढवलेली, वर माळा अजून एकच. तार तिथून न्यायची ठरली. भाऊ त्याच्या बाजूने शिडीवर चढला, मी माझ्या.

काम करायला माझाच एक जुना विद्यार्थी आला होता. त्याने खालून विचारले, ‘‘सर, एकत्र करायचं की वेगळं?’’

प्रश्न निव्वळ कामाचा होता. पण माळ्यावर आम्ही दोघेही गप्प झालो. मग त्यानेच उलगडून सांगितले. घरातल्या प्रत्येक मोबाईलला, संगणकाला एक क्रमांक लागतो आणि तो राऊटर वाटतो. एकत्र करायचे तर तार दोन्हीकडे ‘लॅन’च्या भोकात घालायची, दुसऱ्या राऊटरचे क्रमांक वाटण्याचे काम, म्हणजे ‘डीएचसीपी’, बंद करायचे आणि त्याचा स्वतःचा क्रमांकही बदलायचा. पहिल्याचा १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यायचा. पंगत एक असेल तर असा वाढपीही एकच हवा. नाहीतर एकच क्रमांक दोन पानांत पडतो आणि दोघांचेही अडते. वेगळे करायचे तर पहिल्याच्या ‘लॅन’मधून निघालेली तार दुसऱ्याच्या ‘वॅन’मध्ये घालायची. मग दुसरा राऊटर आपल्या बाजूला आपणच क्रमांक वाटतो, १९२.१६८.२ ने सुरू होणारे. इंटरनेट दोघांनाही मिळते, पण इकडची यंत्रे तिकडच्या यंत्रांपर्यंत थेट जाऊ शकत नाहीत. थोडक्यात, आड एक आणि चुली दोन.

‘एकत्र’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात भाऊ म्हणाला, ‘‘वेगळंच असू दे, दादा. पण बिल अर्धं माझं.’’

क्षणभर मला लागले. मग वाटले, बरोबरच आहे. थोरल्याने मोठेपणाने दिलेले त्याने घेतले नसते. आपल्या वाट्याचे पैसे मोजून घेतलेले त्याला पचणार होते. आणि पोरगी उपकाराच्या पडवीतून स्वतःच्या माजघरात जाऊन बसणार होती. मी ‘बरं’ म्हटले. तसेच केले. दोन्हीकडच्या वायफायच्या लहरींची एकमेकींत खेचाखेची होऊ नये म्हणून एका राऊटरला १ नंबरचे चॅनेल दिले आणि दुसऱ्याला ६ नंबरचे.

दुसऱ्या राऊटरने इंटरनेट वाढत नाही. आहे तेच दोन घरांत पुरवायचे असते. संध्याकाळी दोन्हीकडे वापर वाढला की वेग मंदावतो. तेव्हा तिकडचे सिनेमा थांबवतात, कधी आम्ही थांबवतो. कुणी कुणाला सांगितलेले नाही.

पुतणी आता शिकायला धारवाडला असते. तार अजून माळ्यावर आहे. पावसाळ्यात वीज जाते, दोन्हीकडचे दिवे मालवतात आणि राऊटरही. वीज आली की माळ्यावरून हाक येते, ‘‘दादा, नेट आलं काय?’’

‘‘आलं. तुझ्याकडं?’’

‘‘आलं की.’’

गेल्या पावसाळ्यात वीज फार वेळा गेली. मला त्याचे काही वाटले नाही.