उष्टावण आणि औषध

५ जानेवारी २०२५, रविवार

मुलीला सातवा महिना लागला. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायचं म्हणून सासूबाईंनी पंचांग काढलंय, आणि डॉक्टरांनीही सहा महिने पुरे झाले की वरचं सुरू करा असं सांगितलंय. एवढ्या एका बाबतीत घरात एकमत. वाद आहे तो वाटीत काय जाणार यावर.

दुकानात बाळांच्या खाण्याचं अख्खं कपाट लावलेलं. डब्यांवर गाजर, अस्वल, हिरवं पान. बाळाचं चित्र मात्र एकावरही नाही. शिशुआहाराच्या १९९२च्या कायद्याने त्याला बंदी आहे, आणि २००३च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खाण्याची जाहिरातही करता येत नाही. बाळ छापता येत नाही म्हणून ‘ऑरगॅनिक’ मोठ्या अक्षरांत छापत असतील! एक पुडा उलटा करून घटक वाचले. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. गव्हाच्या पिठापाठोपाठ गूळ, तोही सेंद्रिय. सेंद्रिय झाला म्हणून गुळाची साखर थोडीच जाते? पुडा ठेवून दिला.

९ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरांना विचारलं, सगळं सेंद्रियच आणू का? त्यांनी उलट विचारलं, “लोहाचे थेंब चालू केलेत का?” आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांनंतर संपत येतो आणि दुधातून तो भरून निघत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. डाळ, अंडं, पालेभाजी, नाचणी, वर लिंबाचे चार थेंब, अशी यादी मिळाली. मीठ-साखर नको. मध वर्षाच्या आत अजिबात नको, तो जंगलातून आणलेला असला तरी. बोटुलिझमची भीती असते.

रात्री मुलगी झोपल्यावर वाचत बसले. कीटकनाशकांची चिंता निराधार नाही. बाळ आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त खातं, त्यातही तेच ते मोजके पदार्थ. अमेरिकेत १९९३ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेने यावर अहवाल दिला आणि १९९६च्या कायद्याने मुलांसाठी सुरक्षिततेची मर्यादा दहापट कडक धरायला लावली. पण तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली सांगितलं, की सेंद्रिय अन्नात कीटकनाशकांचे अंश कमी असतात हे खरं. पोषणात मात्र फारसा फरक सापडत नाही. सेंद्रिय महाग पडतं म्हणून फळं-भाज्याच कमी केल्या, तर ते मोठं नुकसान.

आणि तांदूळ? त्यातलं आर्सेनिक जमिनीतून-पाण्यातून येतं. सेंद्रिय तांदळालाही ते चुकत नाही. तेव्हा रोज उठून नुसती पेज भरवायची नाही.

१३ जानेवारी, भोगी

भाजीसाठी पावटा, घाटे, गाजरं, वांगी. परत येताना सेंद्रिय शेतकऱ्यांच्या आठवडी बाजारात थांबले. प्रमाणपत्राच्या दोन वाटा आहेत. एकीत बाहेरची संस्था येऊन तपासते. दुसरी पीजीएस, त्यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. पाकिटावर ‘जैविक भारत’चं चिन्ह बघायचं. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण मग चिन्ह लावता येत नाही. तिथल्या मेथीवाल्या मावशींकडे चिन्ह नव्हतं. “किडीला काय करता?” विचारलं तर निंबोळी अर्क कधी मारला, किती पानं वाया गेली, सगळं न थांबता सांगितलं. भाव मंडईच्या जवळपास दुप्पट. दोन जुड्या घेतल्या.

१९ जानेवारी, रविवार, तासगाव

उष्टावण माहेरी झालं. दादाने मामाच्या मानाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली. खिरीतली साखर मी काढायला लावली होती. त्यावर सगळे नाराज, मुलगी सोडून.

दुपारी दादाच्या द्राक्षबागेत गेलो. तास-ए-गणेश, याच तालुक्यातलं वाण. ऑक्टोबर छाटणीपासून डावणी, भुरी असले रोग, मधेच अवकाळी. दादा म्हणाला, “औषध मारल्याबिगर घड हाताला लागत न्हाई बघ. सेंद्रिय म्हणायला तुमचं काय जातंय?” युरोपला जाणाऱ्या मालाची ग्रेपनेट या निर्यात-प्रणालीवर नोंद लागते, प्रयोगशाळेत अंश तपासले जातात. तिथे पास झालेला माल ‘रेसिड्यू फ्री’ म्हणून इकडेही विकतात. तो सेंद्रिय नव्हे, एवढंच की काढणीआधी फवारणी वेळेवर थांबवलेली असते. “आणि गावच्या बाजाराला?” यावर दादा हसला फक्त. घरच्या भाजीचा वाफा त्याने बागेपासून लांब ठेवलाय, त्यावर काही मारत नाही.

ब्लोअर चालवणारा गडी तोंडाला नुसता रुमाल बांधून होता. संध्याकाळी त्याच कपड्यांत त्याने आपलं वर्षाचं पोर कडेवर घेतलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. तेव्हा पेपरात वाचलं आणि पुढचं पान उलटलं. मी आठवडाभर माझ्या मुलीच्या वाटीतल्या अंशांचा हिशेब करतेय. त्या पोराच्या अंगाला लागतं ते कुठल्या प्रयोगशाळेत जातं? सेंद्रियला जास्त पैसे मोजायचं मला पटलेलं सगळ्यात भक्कम कारण हे. ते कुठल्याच पाकिटावर छापलेलं नसतं.

दादाला मास्क आणि हातमोजे आणायला सांगितलं. आणतो म्हणाला. पुढच्या खेपेला बघणार आहे.

२२ जानेवारी, बुधवार

सासूबाईंनी नाचणी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, सावलीत सुकवून, दळून वस्त्रगाळ केली. मोड आल्याने नाचणीतलं लोह अंगी लागायला मदत होते, असं मी वाचून सांगितलं. “ते आम्हाला आधीपासून ठाऊक आहे, फक्त छापलेलं नव्हतं,” म्हणाल्या.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

बोरन्हाण. दादाने द्राक्षांची पेटी पाठवली होती. मुलीच्या डोक्यावर चुरमुरेच टाकले. बोरं, हलवा, उसाचे करवे मोठ्या पोरांना वाटले.

ठरलं ते असं : पालेभाजी, नाचणी आणि डाळ त्या आठवडी बाजारातून. केळं, पपई, भोपळा मंडईतून, सोलून. पुडा कुठलाच नाही. लोहाचे थेंब रोज.

जमलेल्या बायकांना एकच सांगितलं, इथेही लिहिते. द्राक्ष सेंद्रिय असो, रेसिड्यू फ्री असो की हातगाडीवरचं, लहान मुलाच्या हाती अख्खं देऊ नका. घशात अडकतं. धुऊन, उभे चार काप करूनच द्या.