वळसा

मुलांनो, कॅरम खेळताना तुमची सोंगटी दुसऱ्या सोंगटीमागे लपली तर काय करता? स्ट्रायकर समोरच्या लाकडी कडेवर आपटता आणि परत येताना त्यानेच सोंगटी टिपता. हो ना? मग माझी ही फजिती तुम्हांला लगेच कळेल.

मे महिन्याच्या सुट्टीत माझा कॉलेजात जाणारा भाचा मला पूल खेळायला घेऊन गेला. पूल म्हणजे नदीवरचा नव्हे हं! कापड ताणून बसवलेलं नऊ फुटी टेबल, सहा पॉकेटं आणि हातात लांब काठी, म्हणजे क्यू. क्यूने फक्त पांढरा चेंडू मारायचा आणि तो आधी आपल्याच रंगीत चेंडूला लागला पाहिजे. नाही लागला तर फाउल!

नेमका माझ्या पांढऱ्या चेंडूपुढे भाच्याचा चेंडू आला.

"आता काय करशील, मावशी?"

उपाय दोन. पहिला, उडी. क्यूची मागची बाजू उंच धरून चेंडूला वरून मारायचं. कापडाखाली दगडी फरशी असते. चेंडू तिच्यावर दाबला जातो आणि उसळून पलीकडे जातो. क्यू चमच्यासारखा खाली घालून चेंडू उचलला, तर मात्र फाउल. चेंडू असतो 57 मिलिमीटरचा. म्हणून अडथळा अगदी जवळ असला की उडी फार अवघड.

दुसरा उपाय, किक शॉट. म्हणजे आपला कॅरमचाच वळसा! पांढरा चेंडू आधी कडेच्या रबरी कुशनवर मारायचा. तो ज्या कोनात जातो, साधारण त्याच कोनात परततो. कुशनला आरसा समजा आणि आरशात आपला चेंडू जिथे दिसेल, तिथे नेम धरा. अंदाजासाठी टेबलाच्या कडांवर 18 खुणाही असतात. 'साधारण' अशासाठी म्हटलं, की जोर वाढला किंवा फिरकी बसली तर कोन बदलतो.

"मावशी, कुशनवरून जा," भाचा म्हणाला. पण शेजारची मुलं बघत होती ना! मी उडीच मारायला गेले. क्यू खर्रकन कापडाला घासला. चेंडू टेबलाबाहेर, थेट खुर्चीखाली! मालकांनी कापडावरून हात फिरवला. ओरखडा काही गेला नाही. मी भरपाई दिली आणि मान खाली घालून निघाले.

वाटेत मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. चाचणीत 16 गुणिले 5 हे गणित होतं. त्याने 10 पाचे 50, 6 पाचे 30, मिळून 80 असं लिहिलं होतं. उत्तर बरोबर! तरी मी लाल शाईने शेरा मारला होता, "एवढा वळसा कशाला?" आणि दोन मार्क कापले होते. त्या दिवसानंतर त्याने वर्गात हात वर करणंच सोडलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी त्याला जवळ बोलावलं. टेबलावरची फजिती सांगितली आणि म्हटलं, "तुझी रीत बरोबर होती. चुकले मीच."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, मग दोन मार्क वाढणार का?"

निकाल तर कधीच लागला होता. तरी मी वही मागून घेतली आणि लाल शाईनेच ते दोन मार्क वाढवले.